शेवटच्या ओळीचे चाळीस गुण

टिपणीस मास्तरांना कुणी हसलं तर राग यायचा नाही, कारण तोवर ते स्वतःच स्वतःला हसून मोकळे झालेले असायचे. ही गोष्टही ठाण्यात त्यांनीच दहा जणांना सांगितली, आणि दर वेळी स्वतःला आदल्या खेपेपेक्षा दोन रट्टे जास्तच हाणले. आता रट्टे हाणण्याजोगं त्यांनी केलं होतं, हेही खरं.

झालं असं, की त्रेपन्न सालच्या डिसेंबरात हेडमास्तरांनी विश्राम टिपणिसांना बोलावलं आणि दोन परिपत्रकं हातात ठेवली. हायस्कुलातल्या हुशार मुलांना विद्यापीठाच्या गणिताची गोडी लागावी म्हणून दोन ठिकाणी नवे वर्ग निघत होते. एक मुंबईच्या एका कॉलेजात. जानेवारी ते मार्च, दर शनिवारी दुपारी, विलायतेहून शिकून आलेल्या प्राध्यापकांची व्याख्यानं. दुसरा पुण्याचा, टपालाने. महिन्याला पाच अवघड उदाहरणं येणार, मुलाने ती आपल्या डोक्याने सोडवून पाठवायची, तिकडून तपासून यायची, आणि मे महिन्यात पंधरा दिवस पुण्याला राहून शिकायचं. शाळेने एकच विद्यार्थी पाठवायचा, आणि दोन्हींपैकी एकाच ठिकाणी.

“विद्यार्थी कोण ते ठरलेलंच आहे, तिला दोन्ही वर्गांचं सांगूनही झालंय,” हेडमास्तर म्हणाले. “वर्ग कोणता, ते तुम्ही ठरवा. तुमचा विषय.”

विद्यार्थी म्हणजे सगुणा. दहावीतली सगुणा धाकू भोईर, माजिवड्याहून रोज चालत येणारी. बाप मिठागरावर, आई ठमाबाईही तिथेच. त्यांच्या घरात सगुणेच्या आधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. आणि पोरगी अशी, की मास्तरांनी फळ्यावर उदाहरण लिहून खडू खाली ठेवेस्तोवर हिचं उत्तर तयार. या वर्गात चमकली तर कॉलेजची शिष्यवृत्ती मिळण्याची आशा होती. नाही चमकली तर अकरावी झाल्यावर लग्न, हे माजिवड्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि मास्तरांनाही ठाऊक होतं.

मग मास्तरांनी दोन्ही परिपत्रकं घरी नेऊन नीट वाचली. मुंबईच्या परिपत्रकात अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: ‘सोबत येणाऱ्या शिक्षकास मागील बाकावर बसून व्याख्यान ऐकण्याची मुभा राहील.’

ही ओळ मास्तरांनी चार वेळा वाचली. बी. ए.ला गणितात त्यांचा दुसरा वर्ग होता. एम. ए.ला नाव घातलं आणि दोन महिन्यांत वडील गेले. नोकरी धरली ती धरलीच. पंधरा वर्षं त्रैराशिक शिकवून झालं, पण मनात कुठेतरी ते अर्धवट राहिलेलं एम. ए. ठसठसत होतं. विलायती प्राध्यापक, उंच फळा, मागचा बाक.

पण मास्तर पडले गणिताचे. मनाला वाटलं म्हणून ठरवलं, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी तक्ता आखला. एका बाजूला मुंबई, एका बाजूला पुणे. खाली एकेक बाब आणि तिचे गुण: उदाहरणांचा कस, मुलीला स्वतः करायला किती मिळेल, येण्याजाण्याचा त्रास, पुढे शिष्यवृत्तीला उपयोग. साठ गुणांचा हिशेब झाला. पुणे चोपन्न, मुंबई बत्तीस.

“हं,” मास्तर म्हणाले. “काहीतरी राहिलंय.”

राहिलेली बाब त्यांनी शेवटी लिहिली: ‘शिक्षकाची सोय.’ तिला दहा गुण दिले. मुंबईला दहापैकी दहा, पुण्याला शून्य. मुंबई बेचाळीस. पुणे चोपन्नच. मग दहाचे वीस केले, कारण शिक्षक सुधारला तर सगळी शाळा सुधारते, असं त्यांना त्याच क्षणी सुचलं. तरी पुणं दोन गुणांनी वर. भल्या माणसाने इथे थांबायचं. मास्तरांनी वीसचे चाळीस केले. मुंबई बहात्तर, पुणे चोपन्न, आणि गंमत म्हणजे सगळ्या बाबींचे मिळून गुण बरोब्बर शंभर झाले! शंभर भरल्यावर तो तक्ता मास्तरांना इतका देखणा वाटला, की आता यात चूक असणंच शक्य नाही, अशी त्यांची खात्रीच पटली.

“काय ठरलं?” त्यांची बायको सुमती पोळ्या लाटता लाटता म्हणाली.

“तक्त्याने मुंबई ठरवली.”

“तक्त्याने?” सुमतीबाईंनी मान वर केली नाही. “मग तो कोट धोब्याकडे कुणी दिला, तक्त्यानेच का?”

“अगं, चारचौघांत जायचं म्हणजे...”

“जा हो. माझी कुठे ना आहे? पण ताकाला जाऊन भांडं लपवू नये माणसाने.”

मास्तरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नवी वहीसुद्धा आणली. वहीवर नाव कुणाचं घालायचं, यावर मात्र थोडे अडखळले.

आणि पुढे जे झालं ते केवळ सवयीने झालं. शाळेत एक रिवाज होता. मास्तर पेपर तपासायचे, आणि गुणांच्या बेरजा वर्गातल्या सगळ्यात पक्क्या पोराकडून ताडून घ्यायचे. दोन वर्षं ते काम सगुणेकडे होतं. हेडमास्तरांना द्यायचा कागद नीटनेटका, बिनचूक असावा, म्हणून मास्तरांनी सकाळी तो तक्ता नेहमीसारखा तिच्याच पुढे सरकवला. “सगुणा, एवढ्या बेरजा बघून दे गं.” आपण कुणाच्या हाती काय देतोय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मधल्या सुट्टीत ती कागद घेऊन आली.

“बेरजा बरोबर आहेत, सर.”

“शाब्बास. आण इकडे.”

तिने कागद पुढे केला, पण सोडला नाही.

“सर, ही शेवटची ओळ माझ्यासाठी आहे का?”

मास्तर कागदावर वाकून ती ओळ वाचू लागले.

“नाही, म्हणजे ती काढली तर पुणं चोपन्न होतंय आणि मुंबई बत्तीस,” सगुणा म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या पोराचे गुण चुकून जास्त पडलेत, हे ती ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात सांगत होती. “आणि सर, जानेवारीपासून मिठाचे दिवस. आई-बाबा दिवसभर मिठागरावर असतात, शाळा सुटली की घर आणि धाकटी बहीण माझ्याकडे. शनिवारी मुंबईला जायला मला नाय जमणार. मेमध्ये आजी येते, तेव्हा पुण्याचं होईल. आई म्हणते, मीठ कुणासाठी थांबत नाय.”

“अगं, मग आधी नाही का बोलायचं?”

“तक्त्यात ते विचारलंच नव्हतं, सर.”

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागवायला तोंड नव्हतं आणि हसायला धीर नव्हता. पंधरा वर्षं पोरांना सांगत आलो, बाबांनो, उत्तर आधी धरून गणित सोडवू नका. आणि स्वतः काय केलं? तिच्या पुढच्या आयुष्याच्या फळ्यावर आपलं जुनं राहिलेलं गणित मांडत होतो. मुंबईला तिचं नाव घातलं असतं, चार शनिवार ती आली नसती आणि वर्गातून नाव कमी झालं असतं. पुण्याचं दार तोवर बंद. आणि मास्तर? मास्तर मागच्या बाकावर नवी वही उघडून बसले असते. लाज वाटली त्यांना, अगदी मनापासून लाज वाटली.

“दे तो कागद,” ते म्हणाले. शेवटच्या ओळीवर त्यांनी आडवी रेघ मारली आणि त्याच दुपारी पुण्याचा अर्ज भरून टपालात टाकला. घरी गेल्यावर सुमतीबाईंनी नुसतं विचारलं, “कोट आणू का धोब्याकडून?” मास्तर म्हणाले, “राहू दे त्याच्याकडेच. त्याला शोभेल.”

जानेवारीत पुण्याहून पहिला लिफाफा आला. सगुणेला देण्याआधी मास्तरांनी पाचही उदाहरणं उतरवून घेतली. जिज्ञासा म्हणून, दुसरं काय! दोन सुटली. चौथ्यापाशी मात्र घोडं पेंड खाऊ लागलं: त्रिकोणाच्या आत असा एक बिंदू काढा, की तिथून तिन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या अंतरांची बेरीज सर्वांत कमी भरेल. मास्तरांनी आठ दिवस बीजगणिताची अकरा पानं भरली. बाराव्या पानावर त्यांना आपण कशासाठी निघालो होतो तेच आठवेना.

महिनाअखेरीस सगुणा उत्तरं घेऊन आली. हातांना चुलीच्या राखेचा वास होता. उत्तरांच्या खाली छापील मजकूर होता: ‘वरील उत्तरांत मी विद्यार्थ्यास कसलीही मदत केलेली नाही. शिक्षकाची सही.’ मास्तरांनी चौथ्या उत्तरावरून नजर फिरवली. पान अर्धंच भरलं होतं. त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि सही केली. जन्मात इतक्या खऱ्या मजकुराखाली आपण कधी सही केली नाही, असं ते पुढे सगळ्यांना सांगत.

मग ते जरा घुटमळले.

“सगुणा, हे चौथं. कसं केलंस?”

“त्रिकोण साठ अंशांनी फिरवला, सर. मग ती तीन अंतरं एकापुढे एक जोडली जातात. वाट वाकडी असते, ती सरळ केली की सगळ्यात कमी.”

“फिरवला म्हणजे?”

तिने एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा फळ्याकडे. मधली सुट्टी होती, वर्ग रिकामा होता. मास्तरांनी टेबलावरचा खडू उचलून तिच्या हातात दिला आणि बाकांच्या मधून चालत पार मागे गेले. मागचा बाक पोरांच्या मापाचा. मास्तरांचे गुडघे त्यात मावेनात. कसेबसे तिरके बसले. सोबत ती नवी वही होती. इतके दिवस कोरीच होती, तिच्यावर नावही नव्हतं. त्यांनी ती उघडली.

सगुणेने त्रिकोण काढला, फिरवला, रेघा जोडल्या. मास्तर भराभर उतरवत होते. संपल्यावर ती वळली, आणि मास्तर रोज वर्गाला विचारायचे तेच, त्याच सुरात तिने विचारलं.

“कळलं?”

“नाही,” मागच्या बाकावरून मास्तर म्हणाले. “दुसरी पायरी पुन्हा सांग.”