जहाजात उरलेली राख

परक्या जहाजांची बिनतारी बोलणी ऐकणं हे नौदलातल्या बिभीषणचं काम. मासेमारी बोटीच्या वेशातलं हेरजहाज त्यानंच अकरा दिवस कान लावून हुडकलं होतं. "कागद जाळा," असा त्या जहाजाला आलेला निरोप ऐकताच त्यानं वरिष्ठांना सांगितलं, "साहेब, आत्ताच त्या जहाजावर चढायला पाहिजे." हुकूम दोन तासांनी आला. जहाज हाती लागलं, पण आत नुसती राख होती.

सुट्टीवर तो गावी, धारूरला आला, तेव्हा टीव्हीवर तीच बातमी चालली होती.

"लई मोठं काम केलं की रं तुमच्या लोकांनी!" आई रतनबाई म्हणाली. "तू व्हतास का तिथं?"

बोलायची बंदी होती. "न्हाई."

"मग तू करतूस तरी काय तिथं?"

बिभीषणनं रागानं टीव्ही बंद केला आणि गोठ्यातली शेरडं सोडून ती चारायला डोंगराकडं निघून गेला.