संयोगिताच्या रक्ताचे दोन रिपोर्ट

रुग्णाचे नाव

संयोगिता यशराज चौगुले. रिपोर्टवर नाव तिचं होतं, पण रिपोर्ट आला तो नवऱ्याच्या मोबाइलवर. लॅबमध्ये यशराजनं नंबर स्वतःचा दिला होता. आपल्याकडे असंच चालतं. बायकोचं रक्त, नवऱ्याचा नंबर. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. संयोगितालाही वाटलं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला होता. डॉक्टरांनी काही साध्या तपासण्या लिहून दिल्या होत्या. यशराज शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटी खात्यात. कास्टिंगमधल्या, म्हणजे ओतीव लोखंडी भागांमधल्या, भेगा शोधणं हे त्याचं रोजचं काम. राजारामपुरीतल्या लॅबच्या काउंटरवर तो म्हणाला, "काय ऱ्हायला नको. सगळ्या करा." काउंटरवरच्या मुलीनं एक मोठं पॅकेज पुढं केलं. डॉक्टरांनी न लिहिलेली बरीच नावं त्यात होती. त्यातलं एक हर्पिस.

निकाल

हर्पिस, आयजीएम: पॉझिटिव्ह.

यशराजनं तो शब्द मोबाइलवर शोधला. 'लैंगिक संबंधातून पसरणारा', असं पहिल्याच ओळीत होतं. खाली अजून बरंच लिहिलं होतं. तो पहिल्या ओळीच्या पुढं गेला नाही.

संयोगिता मेथी निवडत बसली होती. त्यानं मोबाइल तिच्यासमोर धरला.

"हे काय हाय?"

तिनं वाचलं. "मला काय कळतंय यातलं? डॉक्टरांना दाखवूया की."

"डॉक्टरचं ऱ्हाऊ दे. तू सांग. कोण हाय?"

"कोण म्हणजे?"

"हे आपोआप येत न्हाय, संयोगिता."

तिच्या हातातली काडी तशीच राहिली. "अहो, काय बोलायलासा तुम्ही? बाळ जाऊन महिना न्हाय झाला. आणि तुम्ही मला हे इचारायलासा?"

बाहेरच्या खोलीत यशराजची आई होती. घरात तिला सगळे आक्का म्हणत. आक्कानं सगळं ऐकलं आणि दिराला फोन लावला. दीर म्हणजे आण्णा, भावकीतले कर्ते. "फोटो पाठव कागदाचा," आण्णा म्हणाले. यशराजनं पाठवला. तिथून तो आणखी कुठं कुठं गेला, ते कुणालाच सांगता येणार नाही.

पतीची तपासणी

केलेली नाही.

बैठक

आण्णा: पावणं, आमी पोरीला वाईट म्हणत न्हाय. पर कागद बोलतोय.

कृष्णात (संयोगिताचे वडील, नृसिंहवाडीत त्यांचं पेढ्यांचं दुकान): काय बोलतोय ते तरी सांगा. मला इंग्रजी वाचाय येत न्हाय.

आण्णा: आमाला तरी कुठं येतंय? पर पॉझिटिव्ह म्हंजे काय, ते करोनानं सगळ्यास्नी शिकवलंय.

भावकीतला एक: आणि ह्यो रोग काय शिंकून हुत न्हाय.

(कुणीतरी हसलं.)

कृष्णात: जावईबापू, तुमी बोला की कायतरी.

यशराज: (सतरंजीकडे बघत बसला.)

आक्का: काय दिवस माहेरी ऱ्हाऊ दे तिला. तेवढीच इसरांती.

कृष्णात: तिला इचारलंय का कुणी?

आण्णा: तिला काय इचारायचं? रिपोर्ट हाय की.

संयोगिता आत स्वयंपाकघरात होती. बैठकीचा चहा तिनंच केला होता.

दुसरा निकाल

माहेरी गेल्यावर ती वडिलांना म्हणाली, "मला जयसिंगपूरला न्या. परत रक्त देते." या वेळी फॉर्मवर तिनं स्वतःचा नंबर लिहिला.

हर्पिस, आयजीएम: निगेटिव्ह. हर्पिस प्रकार दोन, आयजीजी: निगेटिव्ह. हर्पिस प्रकार एक, आयजीजी: पॉझिटिव्ह.

तिनं तो यशराजला पाठवला. खाली एक शब्दही लिहिला नाही.

यशराजनं दोन्ही रिपोर्ट शेजारी-शेजारी लावून पाहिले. एकात पॉझिटिव्ह. दुसऱ्यात निगेटिव्हही आणि पॉझिटिव्हही. आण्णा म्हणाले, "माहेरच्या लॅबचा कागद हाय त्यो. त्यास्नी पायजे तसा ईल की." यशराजला ते पटलं नाही. पण मग पहिल्या कागदावर विश्वास का ठेवायचा, याचंही उत्तर त्याला सापडेना. कामावर त्याचं लक्ष लागत नव्हतं. घरात आक्का वाढायची आणि तो अर्ध्यावरच उठायचा. एक कागद खरा असेल तर बायको गेली. दुसरा खरा असेल तर आपण काय केलं?

शेवटी तो दोन्ही रिपोर्ट छापून घेऊन राजारामपुरीतल्या डॉ. अवंतिका बिडकरांकडे गेला. त्वचेच्या आणि लैंगिक आजारांच्या त्या जुन्या डॉक्टर.

"यातला खरा कुठला, तेवढंच सांगा मॅडम."

डॉक्टरांनी वरचं नाव वाचलं आणि दोन्ही कागद पालथे ठेवले.

"संयोगिता कोण?"

"मिसेस माझी."

"कुठं आहेत त्या?"

"माहेरी."

"मग त्यांना घेऊन या. रिपोर्ट त्यांचा आहे. त्यांच्या पाठीमागं मी तो वाचणार नाही."

"मी नवरा हाय त्यांचा."

"म्हणूनच दोघं या म्हणते. तेही त्यांची हरकत नसेल तर."

यशराजला राग आला. अख्ख्या भावकीनं वाचलेला कागद वाचायला या बाई नको म्हणत होत्या. जिना उतरता उतरता त्या रागाचं काहीतरी दुसरंच झालं. तो स्कूटरवर बसला, पण किल्ली फिरवायचं त्याला सुचेना.

पद्धत

यशराजनं फोन केल्यावर संयोगिता वडिलांबरोबर दवाखान्यात आली. कृष्णात बाहेर बाकावर बसले. आत डॉक्टरांनी पहिला प्रश्न तिला केला.

"यांच्यासमोर बोलू का?"

"बोला. साऱ्या भावकीत झालंय. आता यांच्यापासनं काय लपवायचं?"

"कधी त्या जागी फोड, जखम, आग?"

"कधीच न्हाय."

डॉक्टरांनी दोन्ही कागद वाचले. मग यशराजकडे वळून विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

"फौंड्रीत. कास्टिंगला चुंबक लावून लोखंडाची पूड सोडतो. भेग असंल तिथं पूड धरती. निळ्या दिव्याखाली रेघ चमकती."

"रेघ दिसली की माल भंगारात?"

"न्हाय न्हाय. पूड साध्या ओरखड्यातबी बसती. आधी जागा घासून परत बघायचं. तरीबी दिसली तर दुसऱ्या पद्धतीनं तपासायचं. एका रेघंवर माल रिजेक्ट केला तर मालक मलाच..."

तो मध्येच थांबला. संयोगिता टेबलाकडे बघत होती. बाहेर सिटी बस थांबली, माणसं उतरली, बस गेली.

"आणि मला?" संयोगिता म्हणाली.



डॉक्टरांनी पहिला कागद पुढं ओढला. "हर्पिसची ही आयजीएम, म्हणजे ताजी लागण दाखवते म्हणतात ती तपासणी, भरवशाची नाही. दुसऱ्या एखाद्या विषाणूमुळं ती उमटते, जुन्या संसर्गातही उमटते, काही नसतानाही उमटते. मी ती कधी लिहून देत नाही. शिवाय इथं दोन्ही प्रकार एकत्रच तपासलेत. दुसऱ्या लॅबनं ते वेगळे केले, ते बरं झालं. प्रकार एक बहुधा तोंडाचा, प्रकार दोन बहुधा लैंगिक संबंधातून येणारा. पहिल्या प्रकाराची आयजीजी आली आहे, म्हणजे कधीतरी शरीराची या विषाणूशी गाठ पडली. बहुतेकांची ती लहानपणीच पडते. घरातल्या कुणी मुका घेतला तरी पुरतं. तुमच्या गल्लीतल्या मोठ्या माणसांचं रक्त तपासलं तर कितीतरी जणांचं असंच येईल. तुमच्या भावकीतल्यांचंसुद्धा."

"म्हंजे दुसरा रिपोर्ट शंभर टक्के खरा?"

"शंभर टक्क्यांची रक्ततपासणी नसते. संसर्ग अगदी ताजा असेल तर रक्तात खूण उमटायला आठवडे जातात. दुसऱ्या प्रकाराचा आकडा काठावरचा आला, तर तो वेगळ्या पद्धतीनं पुन्हा तपासावा लागतो. अंगावर फोड असेल तर सरळ त्यातलाच नमुना घेतात, ते सगळ्यांत चांगलं. यांचा आकडा काठावरही नाही आणि यांना फोड कधी आलाच नाही. लक्षण नसताना ही तपासणी करायचीच नव्हती. ती कुणी सांगितली?"

"मीच," यशराज म्हणाला.

डॉक्टर थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. "ओठाच्या कडेला ती खपली कसली?"

"ते काय न्हाय. ताप आला की फोड येत्यात. ल्हानपणापासनं हाय. आक्का लोणी लावती."

"ते हर्पिसच. प्रकार एक."

यशराजचा हात आपोआप ओठाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या. "आणि आता दोष तुमच्याकडे सरकवायचाही नाही. कुणाकडून आलं, कधी आलं, हे रक्त सांगत नाही. गर्भ गेला त्याचंही कारण यात शोधू नका. सुरुवातीला गर्भ पडतो तो बहुतेक वेळा गर्भाचीच घडण बिघडल्यामुळं. यात यांचा दोष नाही, तुमचाही नाही."

यशराज उठला. "चला, सुटलो. मग कायच न्हाय म्हणा की. चल संयोगिता, घरी जाऊया."

ती उठली नाही.

"मॅडम, एक इचारू? दुसरा रिपोर्टबी वाईट आला असता तर?"

"वाईट नाही म्हणायचं. पॉझिटिव्ह म्हणायचं," डॉक्टर म्हणाल्या. "तरीही तो एक विषाणूच. औषधं आहेत. काळजी घेऊन संसार होतो, मुलं होतात. कदाचित नवऱ्याकडूनच आलेला असता. ज्याच्या अंगात असतो, त्यालासुद्धा पुष्कळदा माहीत नसतं."

संयोगिता नवऱ्याकडे वळली. "ऐकलासा? आज कागद माझ्या बाजूनं हाय म्हणून तुमी मला न्यायला निघालासा. उद्या दुसरा कागद आला तर परत बाहेर काढशिला. कागदाच्या जिवावर मी तुमच्या घरात ऱ्हाणार न्हाय."

"मग काय करू?"

"ज्यांच्या हातात माझा रिपोर्ट दिलासा, त्यांच्याम्होरं जाऊन बोला. मग बघू."

फेरतपासणी

यशराजनं पुन्हा बैठक बोलावली. पहिल्या बैठकीला सतरंजी पुरली नव्हती. या वेळी कुणाचा ऊस तोडायला आला होता, कुणाच्या पाहुण्यांत साखरपुडा होता. आण्णा फोनवर म्हणाले, "मिटलं न्हवं? मग आता परत कशाला उकराय लागलाईस?"

मग तो एकेका घरी गेला. प्रत्येक दारात तेच सांगितलं, "रिपोर्ट चुकीचा हुता." माणसं म्हणाली, असं व्हय, बरं झालं. चहा आला. त्यानं घेतला. संध्याकाळी नृसिंहवाडीला फोन करून त्यानं हे सगळं सांगितलं.

"रिपोर्टवर घातलासा व्हय सगळं?" संयोगिता म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आक्काला समोर बसवून आपली चूक सांगितली. आक्का रडली. मग म्हणाली, "फोन मीच केलता रं." त्यानंतर तो पुन्हा आण्णांच्या दारात उभा राहिला. पुढच्या सोप्यात भावकीतली बरीच माणसं पेपर वाचत बसली होती.

"आण्णा, काल मी खोटं बोललो. चूक रिपोर्टची न्हवती. चुकलो मी. बायकोला इचारायच्या आधी, डॉक्टरला इचारायच्या आधी मी तुमाला फोटो धाडला. तिच्या आजारपणाचा कागद तुमच्या हातात द्यायचा मला काय अधिकार न्हवता. तुमाला वाचायचाबी न्हवता. तुमच्या मोबाइलात असंल तर काढून टाका. आणि तिला खरंच कायतरी झालं असतं, तरी मी तिला दवाखान्यात न्यायला पायजे हुतं. मी बैठकीत नेलं."

आण्णा ताडकन उठले. "ल्हान तोंडी लई बोलाय लागलाईस. तुझ्या बापानं कधी..." सोप्यात कुणीही त्यांची बाजू घेतली नाही. मग आण्णा बसले. बराच वेळ मोबाइलशी खटपट करून त्यांनी तो शेजारच्याकडे दिला. "बघ रं, त्यो फोटू कसा काढत्यात त्यो."

यशराज चपला घालत होता, तेवढ्यात आण्णांची सून मोना तांब्या घेऊन बाहेर आली. पाणी कुणी मागितलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "भावजी, त्या डॉक्टरीणबाई राजारामपुरीत कुठल्या गल्लीत बसत्यात?"

त्यानं पत्ता सांगितला. कुणासाठी, असं विचारलं नाही.

शेरा

वाचकहो, मोनाला काय झालं होतं, हे इथं लिहिलेलं नाही. ते तिचं आहे. तुमच्या-माझ्या घरातही अशी एखादी मोना असेल. बैठक ऐकून तिनं आपलं दुखणं पोटातच ठेवलं असेल. एकीचा कागद आपण बैठकीत वाचतो, तेव्हा दुसऱ्या किती जणींची दवाखान्याची वाट बंद होते, ते आपल्याला दिसत नाही.

रक्ताचा कागद डॉक्टरांनी वाचायचा असतो, आणि तोही ज्याचं रक्त आहे त्याच्यासमोर. तपासणी कुठली, कशासाठी, ती किती भरवशाची, हे आधी विचारायचं असतं. दोन कागद भांडायला लागले तर शांतपणे तिसऱ्यांदा विचारायचं. नवरा-बायकोनं दोघांनी मिळून जायचं. आणि कागद काहीही म्हणो, आजार हा आजार असतो. माणसाच्या चारित्र्याचा दाखला कुठलीच लॅब देत नाही; तो मागायला आपण तिथं जाऊही नये.

यशराज आण्णांच्या दारातून थेट नृसिंहवाडीला गेला. दुकानात गिऱ्हाईक होतं. संयोगिता पेढे तोलत होती. तिनं त्याला उभंच ठेवलं. गिऱ्हाईक गेल्यावर विचारलं, "काय म्हणालासा आण्णास्नी?"

त्यानं शब्दन्‌शब्द सांगितलं. कृष्णात गल्ल्यामागे मान खाली घालून ऐकत होते.

"आज येत न्हाय," संयोगिता म्हणाली. "मला अजून राग हाय." तिनं हात पुसले आणि आतून एक खुर्ची आणून ठेवली. "पर बसा. जेवून जावा."

यशराज बसला.