पाहुण्यांची आंघोळ

"सर, तुमी सकाळी आंघोळ केली का न्हाई, तेवढंच सांगा," धुळाजीने हात जोडले.

चर्चासत्राला आलेले दोन्ही विद्वान चहाचा घोट तोंडात तसाच धरून बघत राहिले.

त्या साली दुष्काळ असा, की दिंद्रुडकडचे कावळे सोयऱ्याकडं जाताना पाणी घरून नेत. धुळाजी साखर कारखान्याच्या कॉलेजात शिपाई. विषय होता 'उत्तर-आधुनिकता म्हणजे काय?' आणि धुळाजीच्या वस्तीच्या विहिरीत सोडायचा टँकर काल पाहुण्यांच्या टाकीत सोडला होता. चेअरमन सुंदररावांनी मात्र आत्ताच माइकवरून, तहसीलदारांच्या देखत, टँकर वस्तीला पोचल्याचं सांगून टाकलं. विद्वानांनी खरं काय ते सांगितलं, तर तहसीलदार संध्याकाळी दुसरी खेप धाडणार होते. दोघांच्या केसांना चंदनी साबणाचा वास मारत होता.

पुण्याचे भगवानराव म्हणाले, "हे बघा, सत्य एकच नसतं. चेअरमनसाहेबांचं एक कथन, तुमचं एक. खरं कुठलं, हे ठरवणारा मी कोण? हीच तर उत्तर-आधुनिकता!"

"साफ चूक!" औरंगाबादचे मोहनराव उसळले. "सत्य नाकारायचं नाही. ते कोण ठरवतो, हे विचारायचं!"

"मंग तुमी तरी इचारा, सर."

"तात्त्विक पातळीवर," मोहनराव म्हणाले आणि चेअरमननी घातलेली शाल त्यांनी सावरली.

मग दोघं पुन्हा जुंपले. इथं आधुनिकताच आली नाही, तर तिच्यानंतरचं काय येणार, असा एकाचा सवाल. दुसरा टेबल बडवतोय. तेवढ्यात तहसीलदारांची जीप गेलीसुद्धा.

"पाव्हण्याला आंघोळीचं इचारतो व्हय बे?" सुंदरराव दातओठ खात म्हणाले. "लाज हाय का?"



सभागृह रिकामं झालं. टेबलावर अर्धवट प्यालेले वीस ग्लास. दर कार्यक्रमानंतर तो हे पाणी डब्यात ओतून गाभण म्हशीला न्यायचा. जनावराला कसलं आलंय उष्टं? त्याने पहिला ग्लास उचलला. काठावर ओठाची चिकट खूण होती. त्याने ग्लास होता तिथंच ठेवला.

घरी कडूबाईने डबा हलवून पाहिला. "पानी कावून न्हाई आनलं? नव्हतं का?"

"व्हतं."

"मंग?"

"उष्टं व्हतं."

"आन् इतके दिस काय गंगेचं आनत व्हता?"

धुळाजीने डबा म्हशीपुढं ठेवला. म्हशीने कोरड्या डब्यात तोंड घातलं आणि ती बूड चाटू लागली.