ओढ्यापलीकडे

"पेन बाहेर लॉकरमध्ये ठेवावं लागेल," हॅना म्हणाली. नकाशांच्या संग्रहातली ही तरुण मुलगी बोलायला फार गोड होती. "आत फक्त पेन्सिल चालते. चुकून रेघ उमटली तर पुसता येते."

आबांना, माझ्या वडिलांना, इंग्रजी चांगलं समजतं, पण पेनाच्या खिशावरचा हात त्यांनी काढला नाही. मला म्हणाले, "सुचेता, म्या काय त्यांच्या नकाशावर लिवनार हाय का?"

"आबा, प्लीज. रूल आहे इथला. सगळ्यांनाच आहे."

"सगळ्यांनाच हाय ना? मग ठेवतो."

नॉटिंगहॅमच्या बस गॅरेजात या माणसाने सारी हयात इंजिनाखाली घालवली, पण त्याच्या खिशाला पेन नाही असा दिवस मी पाहिलेला नाही. निंबळवाडीत त्यांच्या वडिलांना पाटलासमोर पायात वहाण घालायची सोय नव्हती. पेन म्हणजे काय, हे आबांना कुणी शिकवायला नको.

त्यांचा एक डोळा गेलाच आहे. दुसराही हिवाळ्यापर्यंत टिकेल असं डॉक्टरांना वाटत नाही. त्यात गाव कधीच धरणात गेलं. महारवाड्यातल्या आमच्या घराचा एकही फोटो नाही. त्या घराचा फोटो काढावा असं तेव्हा कुणाला वाटणार? मग एके दिवशी ऑनलाइन हा संग्रह सापडला. पेशवाई बुडाल्यावर कंपनीने नवा मुलूख मोजायला साहेब पाठवले होते. त्यातल्या एकाच्या वंशजांनी माळ्यावरचे नकाशे इथे लीड्सला देऊन टाकले होते, आणि यादीत निंबळवाडी होती.

मी आबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "माजं घर दिसंल?"

एक गोष्ट आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेली. आबांच्या पणजोबांच्या आजोबांनी साहेबाला गावाची शीव दाखवली होती. शिवेचा दगड न् दगड ठाऊक असणं हे महारांचंच काम. म्हातारा हातात निशाण घेऊन पुढे, मागे मोजणीची साखळी ओढणारे, त्यामागे घोड्यावर साहेब. आबा सांगायचे, "नकाशात त्याचं नाव नसंल, पन त्याचं पाय हायेत."

हॅनाने नकाशा पसरला आणि कोपऱ्यांवर वजनं ठेवली. नकाशा सुंदर होता. मला राग यावा इतका सुंदर. गढी, मारुतीचं देऊळ, पाटलाची विहीर, आंब्याची झाडं एकेक करून काढलेली. ओढा निळा. आणि ओढ्यापलीकडे, जिथे आमची वस्ती होती असं मी जन्मभर ऐकत आले, तिथे फिकट पिवळा रंग होता. एक बाभूळ होती. घर एकही नव्हतं.

आबा अजून भिंग पुसत होते.

"कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलले. दुसरं काय करणार होते? विहिरीजवळच्या चार चौकोनांवर बोट धरलं. "हे बघा आबा. इथे. हीच घरं आपली."

ते वाकले. भिंग इतकं खाली नेलं की नाक कागदाला टेकतंय असं वाटलं.

"ही पाटलाची हीर हाय," ते शांतपणे म्हणाले. "हितं आमची सावली चालत न्हवती. घर कुटनं चालंल?"

मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी मात्र भिंग शिवेवर नेलं आणि सावकाश सगळं गाव फिरून आले. मधेच पुटपुटत. "ह्यो चिचंखालचा दगड. बराबर. ह्यो खडीचा. ह्यो बी बराबर." म्हाताऱ्याने एकही दगड चुकवला नव्हता. शेवटी भिंग ओढा ओलांडून पिवळ्या रंगावर आलं आणि तिथेच थांबलं.

"समद्यांच्या हद्दी दावल्या त्यानं," आबा म्हणाले. "तू कुटं ऱ्हातोस, ह्ये त्याला कुनी इचारलंच न्हाई."

आम्हाला किती अभिमान होता त्या म्हाताऱ्याचा! आता त्याच्या त्या चालण्याचीच चीड आली. साहेबाचीही आली. साहेबाला बाभूळ दिसली होती.

आबांनी टेबलावरची पेन्सिल उचलली. टोक बाभळीच्या शेजारी, कागदापासून जरासं वर धरलं. हॅनाची खुर्ची करकरली. ती उठून उभी राहिली. मी त्यांना अडवलं नाही. काढू देत आपलं घर, असंच मनात होतं. नंतर मी निस्तरेन.

"ही पुसता येती म्हनली न्हवं ती?"

"हो, आबा."

त्यांनी पेन्सिल होती तिथे ठेवून दिली. "मग ऱ्हाऊ दे."

हॅनाने नकाशा गुंडाळला. बाहेर आल्यावर आबांना लॉकरची किल्ली भोकात बसवता येईना. मी हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. बराच वेळ खुडबुड केल्यावर दार उघडलं. त्यांनी पेन खिशाला लावलं, वरून एकदा चाचपलं, आणि आम्ही स्टेशनकडे चालू लागलो.