सौ.च्या जागी

ती गेल्याचं कळलं त्या दिवशी मशीनवर सोनेरी शाई होती.

दुपारी फोन आला. लग्नाचं सगळं आयोजन करणाऱ्या एका कंपनीत ती पत्रिकांचे नमुने दाखवायला गेली होती. तिथली मुलगी म्हणाली, "काका, काकूंना जरा गरगरतंय. बसवलंय त्यांना."

"पाणी द्या," मी म्हणालो. "एवढा रंग उरकतो आणि निघतो."

सोनेरी शाई रुळांवर वाळली की धुण्यात अर्धा दिवस जातो. वीस मिनिटांनी मशीन थांबवलं, हात पुसले. जिना उतरताना दुसरा फोन आला. तीच मुलगी होती. या वेळी ती नुसतीच रडत होती.

आमचा छापखाना लग्नपत्रिकांचा. मध्यंतरी सगळं फोनवर गेलं तेव्हा जुन्या मशीनवर आम्ही चादर टाकली होती. मग फॅशन फिरली. जाड कागदावर शिशाच्या अक्षरांचे खिळे दाबून छापलेली अक्षरं लोकांना पुन्हा हवीशी झाली. गिऱ्हाईक त्यावरून बोट फिरवून बघतं. "जुनं ते सोनं," ती म्हणायची, "तुम्ही सोडून."

खिळे मी जुळवायचो, प्रूफ ती वाचायची. तेही खालून वर. आधी पत्ता, मग वेळ, नवरा-नवरी सगळ्यात शेवटी. "सरळ वाचलं की मन पुढे पळतं, अहो. चूक मागे बसून हसते." खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, मला ती तशीच वाचायची सवय. त्यावर तिचं ठरलेलं वाक्य होतं, "या घरात सरळ कोणी वाचतच नाही."

ओळ तपासली की ती शेजारी लाल पेन्सिलीने खूण करायची. खूण नसेल तर छपाई नाही. एकदाच, ती तापाने झोपली होती म्हणून, मी तसंच छापलं आणि नवरीच्या धडधाकट आजोबांच्या नावाआधी 'कै.' लावून बसलो. आजोबा काठी टेकत स्वतः आले.

"कैलासवासी आलेत. बसायला खुर्ची द्या!"

ती तापातून उठून आली. "बसा आजोबा. आता शंभरी कुठे जात नाही तुमची."

म्हातारा हसला, चहा पिऊन गेला. मग ती माझ्याकडे वळली. "ते आहेत म्हणून भांडायला आले. गेलेल्या माणसाचं नाव चुकलं तर तो येत नाही. म्हणून ते दोनदा वाचायचं."

आमच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. तिच्या पत्रिकेचं प्रूफही हिने वाचून ठेवलं होतं. स्वतःच्या नावाआधी 'सौ.', शेजारी लाल खूण. हे असं झालं आणि लग्न चार महिने पुढे गेलं. आता पत्रिकेत तारीख बदलायची होती. आणि ते 'सौ.'

लग्नाचं काम त्याच कंपनीकडे आहे. फोनवरची पत्रिका त्यांनीच केली. तिच्यात नावं एकेक करून उमलतात आणि खाली लग्नघटकेपर्यंतचं घड्याळ उलटं पळतं. ती मुलगी म्हणाली, "काका, हल्ली चि., सौ., कै. कोणी लिहीतच नाही. नुसती नावं. मोकळं दिसतं."

मी लगेच हो म्हणालो. आयती पळवाट मिळाली होती.

लेक ऐकून घेणारी नाही. "फोनवर चालेल. पण म्हाताऱ्या माणसांसाठी पन्नास पत्रिका तुम्ही छापणार आहात. नुसतं नाव वाचून कोणीतरी येईल आणि मलाच विचारेल, आई कुठे आहे गं? लग्नाच्या दिवशी ते मी सांगायचं का? पत्रिकेलाच सांगू दे, बाबा."

"लावतो."

"कधी?"

"लावतो म्हटलं ना. घाई काय आहे?"

"त्या दिवशीही तुम्हाला घाई नव्हती."

खरं तेच होतं. तिने मशीनवरची चिंधी उचलली आणि माझ्या बोटांची शाई पुसत बसली. ती निघत नव्हती, तरी पुसत राहिली.

काल सकाळी मी 'सौ'चा खिळा काढला. त्या जागी 'कै'चा बसवला. शेजारचं टिंब होतं तेच चाललं. एक प्रूफ काढलं, तिची लाल पेन्सिल घेतली आणि खालून वर वाचत गेलो. पत्ता बरोबर. वेळ बरोबर. तारीख बरोबर. एकेका ओळीला खूण करत वर आलो. तिचं नाव दोनदा वाचलं. चूक नाही.

कागद कापून ठेवला आहे. लग्नाला तेवीस दिवस आहेत. त्या एका ओळीची खूण करायची राहिली आहे.