सोमवारचं वजन

मी पट्ट्यांच्या गटात आणि धाकटी जाऊ डंबेल्सच्या, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. ट्रेनरबाईंना बघायचं होतं, की आमच्यासारख्या हडकुळ्या बायकांचं वजन कशानं जास्त वाढतं. छताला टांगलेल्या पट्ट्यांना लोंबकळून स्वतःचंच अंग ओढण्यानं, की नेहमीसारखं लोखंड उचलण्यानं. आठ आठवडे व्यायाम, घरी दोन घास जास्त, आणि दर सोमवारी सकाळी अनशापोटी वजन. त्याआधी पाणीसुद्धा प्यायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं.

पहिले दोन सोमवार माझा काटा जागचा हलला नाही. हलणार कसा? पट्ट्यांना मी इमानदारीत लोंबकळत होते, पण जास्तीचे दोन घास माझ्या घशाखाली उतरत नव्हते. धाकटी मात्र नको-नको होत असताना ताटात पुन्हा वाढून घ्यायची. तिचं दोनशे ग्रॅम वाढलं. सासूबाई म्हणाल्या, "धाकटीनं मनावर घेतलंय. मोठीच्या काही अंगीच लागत नाही बाई." नऊ वर्षं हेच ऐकून माझे कान किटले होते.

तिसऱ्या सोमवारी, व्यायामानंतर प्यायला म्हणून धाकटीनं घरून भरून आणलेली माझी लिटरची बाटली मी कपडे बदलायच्या खोलीत घटाघटा संपवली. एक किलो वाढलं. बाई शाबास म्हणाल्या आणि मी निर्लज्जासारखी हसले. मग दर सोमवारी तेच. सासूबाईंनी शेजारणीला बोलावून माझे गाल दाखवले. गाल होते तसेच होते.

शेवटच्या सोमवारी बाईंनी दोन्ही गटांचे आकडे फळ्यावर मांडले. पट्टे थोडक्यात पुढे होते.

"पुढच्या तुकडीला डंबेल्स नकोतच," बाई म्हणाल्या.

धाकटीचे नऊशे ग्रॅम होते, घामाचे. ती फळ्याकडे बघत हळूच म्हणाली, "म्हणजे माझी मेहनत वायाच गेली का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायका पांगल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी मला बाथरूमला पाठवलं, वीस मिनिटं बसवून पुन्हा पाठवलं, मग काट्यावर उभं केलं. आठ आठवड्यांत माझी खरी वाढ भरली एकशे ऐंशी ग्रॅम. बाईंनी फळ्यावरचा माझा आकडा पुसला. जरा थांबून सगळा फळाच पुसला.

बाहेर धाकटी दोघींच्या पिशव्या घेऊन बाकावर बसली होती.

"वजनाआधी मी पाणी प्यायचे," मी सांगून टाकलं.

"माहीत होतं मला. व्यायामाला उभं राहायच्या आधीच तुमची बाटली रिकामी असायची, ताई. दर सोमवारी मीच ती पुन्हा भरून ठेवायचे."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं बुटाची नाडी बांधून घेतली.

"घरी पहिल्यांदाच कुणी तुम्हाला चांगलं म्हणत होतं."

ती उठली आणि दोन्ही पिशव्या तिनंच खांद्याला लावल्या. माझी पिशवी मागून घ्यायलाही मला तोंड राहिलं नव्हतं.