घड्याळाच्या काचेतले तीन पाय

मी एक जुना ट्रायपॉड आहे, मित्रांनो. ज्याच्या डोक्यावर कॅमेरा बसतो, तो तीन पायांचा स्टँड. फोटो काढतो कॅमेरा, कौतुक होतं फोटोग्राफरचं, आणि निमूट उभं राहायचं काम माझं. पण माझी तक्रार नाही. आता तर मुळीच नाही, कारण नुकताच मी जिंकून आलो आहे.

एका कारखान्यात ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून माझे पाय घडले. माझी मालकीण तेव्हा फोटोग्राफी शिकत होती. मला खांद्यावर टाकून तिने शाळांचे वर्गफोटो काढले, नदीवरचे पूल काढले. एकदा माझ्या डाव्या पायाचा स्क्रू तुटला, तेव्हा तिच्या मामांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तो घट्ट केला आणि माझं नाव ठेवलं लंगडोबा. पुढे, हात हलला तरी चित्र हलू न देणारे कॅमेरे आले आणि माझी रवानगी कपाटामागे झाली, मोडक्या छत्रीच्या शेजारी. सहा वर्षांत मला एकदाच बाहेर काढलं, तेही छताची जळमटं झाडायला! तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

मामा रंगीत काचांच्या खिडक्या करायचे. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी काम सोडलं. त्यांची सगळ्यांत मोठी खिडकी गावच्या वाचनालयात होती, आणि आता तीच जाणार होती. फोटोंत वाचनकक्ष काळाकुट्ट दिसतो, म्हणून समितीने रंगीत काचा काढून साध्या बसवायचं जवळजवळ ठरवलं होतं. समितीतले निम्मे लोक परगावी राहायचे. त्यांनी वाचनालय पाहिलं होतं ते फोटोतच.

खरं तर ती खोली काळोखी नव्हतीच. माणसाचा डोळा उजळ खिडकी आणि बाकाखालची सावली एकाच वेळी सांभाळतो. कॅमेऱ्याला ते झेपत नाही. काचेचे रंग धरावेत तर खोली काळी, खोली धरावी तर खिडकी पांढरीफटक.

खिडकी वाचावी म्हणून मालकिणीने कॅमेरा हातात धरूनच कमी-जास्त उजेडाचे फोटो काढले आणि संगणकावर एकत्र केले. कडा जुळेनात. ते झाकायला तिने रंग भडक केले, सावल्या नको तितक्या उजळल्या, आणि खिडकीभोवती पांढरी झालर उमटली. अध्यक्षबाईंनी नाक मुरडलं. "हे वाचनालय आहे की सर्कशीचा तंबू? गुरुवारी निर्णय आहे. तोवर खरं काय ते दाखवता आलं तर दाखवा."

त्या दिवशी मामांनी जेवण अर्धं टाकलं. मालकिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यामुळे तुमची खिडकी जाणार, मामा."

"रडतेस काय, चिमे? तुझा तो लंगडोबा कुठाय?"

बुधवारी सकाळी मी वाचनकक्षात उभा होतो. माझ्या मधल्या आकड्याला तिने जड पिशवी लटकवली, म्हणजे मी डगमगणार नाही. जागा तीच, फोकस तोच, भिंगाचं छिद्र तेवढंच; बदलायचा होता तो फक्त उजेड आत घ्यायचा वेळ. बटणाला बोट लावलं तरी धक्का बसतो, म्हणून तिने टायमर लावला. पण जमीन लाकडी होती. कुणी पाऊल टाकलं की ती हलायची, आणि मीही. "कुणी जागचं उठू नका हं!" मामा ओरडले, तेही वाचनालयात! सगळे वाचक थिजले. एक गृहस्थ शिंक दाबून लालबुंद झाले.

एकापाठोपाठ पाच फोटो निघाले. पहिल्यात अंधार होता आणि त्यात फक्त निळ्या-तांबड्या काचा. पाचव्यात खिडकी पार पांढरी, पण बाकाखालची धूळसुद्धा दिसत होती. मी केसभरही हललो नाही.

घरी पाचही फोटो एकावर एक चपखल बसले. या वेळी तिने हात आवरता ठेवला. काचा अंधाऱ्या फोटोंतून घेतल्या, कोपरे उजळ फोटोंतून, आणि उजेड-सावलीमधला उतार हलकेच जुळवला. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक पाच ठिकाणी दिसत होता. तिने एकाच फोटोतला ठेवला. मग ती थबकली. घड्याळाच्या काचेत माझे तीन पाय दिसत होते, ट्यूबच्या पट्टीसकट.

"पुसून टाकते," ती म्हणाली.

"खबरदार!" मामा म्हणाले. "काम केलंय त्याने. राहू दे."

गुरुवारी पडद्यावर फोटो उमटला आणि समितीतले सगळे पुढे वाकले. "दिवे न लावता एवढा उजेड असतो तिथे?" परगावच्या एकाने विचारलं.

"रोज असतो," अध्यक्षबाई म्हणाल्या. "हीच आपली खोली." मग खिडकी राखण्यासाठी सगळे हात वर गेले. मामांचाही गेला, ते समितीत नव्हते तरी! थरथरणारा तो हात त्यांनी कितीतरी वेळ खाली घेतला नाही.

तो फोटो आता त्याच खिडकीसमोर टांगला आहे. मित्रांनो, तुमच्याही कपाटामागे माझ्यासारखं कुणी असेल. त्याला बाहेर काढा, धूळ पुसा, सैल स्क्रू आवळा. जळमटं झाडायला केरसुणी आहे. आणि वाचनालयात गेलात तर त्या फोटोतल्या घड्याळाकडे नीट बघा. तिथे मी उभा आहे.